आमची वाटचाल: कागदाच्या नळ्यांपासून सांध्यांपर्यंत

भांडुपच्या गाळ्यात आलेलं नवं गिऱ्हाईक आधी पुठ्ठ्याची नळी दाबून बघतं. मग विचारतं, "पावसात काय?" आणि लगेच, "आगीचं काय?" दोन्ही प्रश्न रास्त. कागदी नळ्यांचे स्टॉल आणि मांडव उभारणाऱ्या आमच्या फर्मची बरीच वर्षं त्यांची उत्तरं शोधण्यातच गेली.

मी आर्किटेक्चर शिकवते आणि फर्म निघाली ती वर्गातूनच. वीट, काँक्रीट, पोलाद शिकवून झालं की मी जपानी आर्किटेक्ट शिगेरू बान यांच्याकडे वळायचे. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर त्यांनी कागदी नळ्यांची घरं उभारली, पायाला वाळूच्या पिशव्या भरलेले बिअरचे क्रेट घातले. २००१ मध्ये भूजला क्रेटच्या जागी पडक्या घरांचा राडारोडा घातला आणि वर मातीची जमीन केली. मुलं म्हणायची, "मॅडम, आपल्याकडे नळ्या आणायच्या कुठून?" भिवंडीतून! कापडाचे रोल ज्यावर गुंडाळतात ते कोअर भंगारात किलोवर मिळतात. चेपलेली टोकं तेवढी छाटायची.

उभा भार ही नळी आरामात पेलते. आरपार बोल्ट घातला की मात्र भोकापाशी कागद फाटत जातो. आमच्या सुतारकाकांचं आयुष्य सागवानात गेलेलं. "कागदाला काय पाचर मारायची?" असं कुरकुरत तोड त्यांनीच काढली. १९ मिमी मरीन प्लायची (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडची) चकती टोकात ठोकून बसवायची, आतून आटे पाडलेला रॉड न्यायचा, मोठा वायसर लावून नट आवळायचा. ओढ रॉड घेतो, दाब तेवढा कागदावर येतो. चकतीची कड ते कानशीने किंचित निमुळती करतात. मशीनवर कापलेली चकती आत सरकते खरी, पण तशी धरत नाही. आमच्या बिलात नळ्यांचा आकडा छोटा असतो, सांध्यांचा मोठा. ते पटवायला अजूनही चहाचे दोन कप लागतात.

कागद पाणी पितो तो टोकाकडून, म्हणून टोकं बंद करून वर पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) हात मारतो. चाचण्या मुद्दाम जुलैत. दमट हवेत कागदाची ताकद घटते. विद्यार्थी सिमेंटच्या ५० किलोच्या गोण्या चढवत जातात आणि पावसाळ्यातला आकडाच हिशेबात धरला जातो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडने नळी पेट घ्यायला वेळ लावते. पेटणारच नाही, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. म्हणूनच आम्ही कायमच्या इमारतीची कामं घेत नाही. स्टॉल, मांडव, शाळांमधले वाचनकट्टे, बस्स.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरांची कामं चालून आली. सुटं करून चाळीच्या जिन्यातून वर गेलं पाहिजे आणि पुढच्या गणपतीपर्यंत माळ्यावर मावलं पाहिजे, ही अट कुठल्याही परीक्षेपेक्षा कडक. घरगुती गिऱ्हाईक पैसे रोख देतं. कंपन्यांच्या स्टॉलचे पैसे मात्र पुढचं प्रदर्शन आलं तरी येत नाहीत.

सध्या नारळाच्या सोडणापासून तक्ते बनवायचे प्रयोग चालू आहेत. सोडणातलं लिग्निन हे नैसर्गिक द्रव्य उष्णता आणि दाब मिळाला की स्वतःच चिकटवायचं काम करतं, वेगळा गोंद लागत नाही. नमुने कडक झालेत, पण कडा भुरभुरतात. हॉट प्रेस अजून भाड्याने वापरतो. विकत घ्यायचा की नाही, हे मखरांचा सीझन सरल्यावर काकांशी बसून ठरवू.