भाच्याच्या शपथेला

विमानात बसले ती रागातच. "ऑगस्टमध्ये ये, पोराचा शपथविधी आहे," असं ताईने फोनवर सांगितलं होतं, बारशाचं बोलावणं द्यावं तितक्या सहजपणे. पुण्यात जन्मलेला, तीन वर्षांचा असताना हेलसिंकीशेजारच्या एस्पोला गेलेला, अजूनही वरणभातावर तूप मागून घेणारा आमचा पोर फिनलंडच्या सैन्यात बंदूक घेऊन उभा राहणार होता.

तिथला कायदा असा, की नागरिक असलेल्या प्रत्येक मुलाला अठरा पूर्ण झाली की लष्करी सेवा करावीच लागते. कमीत कमी १६५ दिवस. हुद्द्याची किंवा विशेष कामाची जबाबदारी असेल तर २५५ किंवा ३४७. मुलींना १९९५ पासून स्वेच्छेने जाता येतं. ताईच्या घराने भारतीय पासपोर्ट परत करून तिथलं नागरिकत्व घेतलं तेव्हाच हे ठरून गेलं होतं, पण कागदावरची गोष्ट वेगळी असते. बंदूक नको असेल तर ३४७ दिवसांच्या नागरी सेवेचीही सोय आहे. ती का नाही घेतलीस, असं मी त्याला व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं. तो म्हणाला, "मावशी, माझ्या वर्गातले बहुतेक सगळे चाललेत. मी नाही गेलो तर आपलं घर त्यांनी सांभाळायचं का?" मला उत्तर सुचलं नाही, आणि त्याचाही राग आला.

पोचले त्या रात्री भावोजी माझी मोठी बॅग तळघरात ठेवायला निघाले. मीही मागोमाग गेले. खाली जाळीच्या छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येक बिऱ्हाडाला एक. कुणाच्या स्की, कुणाची बर्फावरची घसरगाडी, कुणाचे हिवाळ्यातले टायर. ताईच्या खोलीत आमच्या गणपतीचं मखर आणि आईने दिलेली समई. या सगळ्या अडगळीला दार मात्र पोलादी. मी एका हाताने ढकलून पाहिलं तर हललं नाही. हे बॉम्बपासून बचावाचं तळघर आहे, भावोजी म्हणाले. मोठी इमारत बांधायची तर त्यात असा निवारा काढावाच लागतो. एरवी त्यात काहीही ठेवा, पण सांगितल्यावर ७२ तासांत रिकामा करून तयार ठेवायचा. देशात असे सुमारे ५० हजार निवारे आहेत, ४८ लाख लोक मावतील एवढे. देशाची वस्ती ५६ लाख. समई त्या दाराच्या आत होती. मला रात्री झोप लागली नाही.

पुढचे चार दिवस हेलसिंकी पाहिलं, त्यातलं एकच सांगते. इताकेस्कुसचा पोहण्याचा तलाव खडकाच्या पोटात कोरलेला आहे आणि वेळ आली की तोही निवारा होतो. पोरं पाण्यात किंचाळत होती, माझं लक्ष सारखं छताकडे.

पोर्क्कलाला मात्र मी मुद्दाम गेले. एस्पोच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेलं हे भूशिर. गुळगुळीत करडे खडक, पाइनची झाडं, वारा. १९४४ च्या तहात हा भाग सोव्हिएत युनियनने लष्करी तळासाठी ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला. राजधानीपासून जेमतेम ३० किलोमीटरवर परक्या सैन्याचा तळ. हेलसिंकीहून तुर्कूला जाणारी गाडी इथून जाताना डब्यांच्या खिडक्या फळ्यांनी बंद करत, म्हणजे प्रवाशांना बाहेरचं काही दिसू नये. आपल्याच देशातून अंधारात बसून जायचं! १९५६ मध्ये हा भाग परत मिळाला. त्याच वर्षी केक्कोनेन राष्ट्राध्यक्ष झाले ते १९८२ पर्यंत, आणि मॉस्कोला न दुखवता स्वतंत्र राहायचं हेच तेव्हाचं राजकारण होतं. १९४८ चा मैत्रीचा करार त्याचा पाया. बाहेरचे लोक याला हिणवून 'फिनलंडीकरण' म्हणत. त्या खडकावर बसून मला ते हिणवणं फार कोतं वाटलं. पूर्वेला १,३४० किलोमीटरची सरहद्द असलेल्या माणसाला दुरून शहाणपण शिकवणं सोपं असतं.

पण करार करतानाही त्यांनी पोरांना सैन्यात पाठवणं थांबवलं नाही. शेजारच्या स्वीडनने सक्तीची सेवा २०१० मध्ये थांबवली आणि २०१७ मध्ये पुन्हा आणली. फिनलंडने कधी सोडलीच नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मे महिन्यात इथल्या संसदेने १८८ विरुद्ध ८ मतांनी नाटो या लष्करी आघाडीत जायचं ठरवलं. ४ एप्रिल २०२३ ला ते झालंही. त्या वर्षाअखेरीस पूर्वेकडच्या सरहद्दीवरची रस्त्यांची ठाणीही बंद झाली. ताई म्हणते, २०२२ च्या त्या वसंतात तिच्या ऑफिसात कुणी आवाज चढवून बोललं नाही, फक्त सगळ्यांनी घरी किरणोत्सर्गापासून बचावाच्या आयोडीनच्या गोळ्या आणि पाण्याचे कॅन आहेत ना ते पाहिलं. हिने पण पाहिलं. आणि मला फोनवर यातलं काहीच सांगितलं नाही, ही माझी खरी तक्रार.

शपथविधी वेकरानयार्वीला होता, कोउवोला शहराच्या उत्तरेला, कारेलिया ब्रिगेडच्या छावणीत. कारेलिया हा दक्षिण-पूर्वेचा प्रांत. त्याचा मोठा भाग युद्धात सोव्हिएत युनियनकडे गेला तो गेलाच, आणि तिथली चार लाखांवर माणसं गुरंढोरं घेऊन अलीकडे आली. नाव मात्र ब्रिगेडने ठेवलं आहे.

मैदानाभोवती गर्दी होती, पण आपल्याकडची गर्दी नव्हे. धक्का नाही, गलका नाही, पुढच्या रांगेसाठी भांडण नाही. इतकी माणसं इतकी गप्प पाहून मला आधी गुदमरल्यासारखं झालं. मग पाऊस आला. एकानेही छत्री उघडली नाही, कारण मागच्याला दिसलं नसतं. मी उघडलेली छत्री ताईने माझ्या हातातून घेऊन मिटली.

हिरव्या कपड्यांच्या त्या रांगांत मला आमचा पोर सापडेना. एका मुलाने शपथ वाचली आणि शेकडो आवाजांनी ती मागोमाग म्हटली. ती देवाला स्मरून. त्यानंतर ज्यांना तशी घ्यायची नाही त्यांची पाळी. शब्द जवळजवळ तेच, पण स्वतःची अब्रू आणि सदसद्विवेक यांना स्मरून. हा गट लहान होता, आणि तिथे तो दिसला. भिजलेला, हनुवटी वर. ओठ हलत होते ते फिनिशमध्ये. या भाषेतला एक शब्द मला कळत नाही, आणि माझ्या अंगावर काटा आला.

नंतर मोठ्या पातेल्यांतून वाटाण्याचं दाट सूप वाढलं, शाकाहाऱ्यांचं वेगळं. छावणीच्या कँटीनमध्ये हिरव्या पोशाखातल्या बायका विनामोबदला काम करतात. त्यांतल्या एका आजींनी मला साखरेत घोळवलेला गरम मुंक्की, म्हणजे इथला डोनट, दिला आणि ताईच्या दंडावर क्षणभर हात ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. फिनिश माणसाच्या आदरातिथ्याबद्दल मी आल्यापासून कुरकुरत होते, ते तिथे थांबवलं.

त्याला सुट्टी मिळाली होती. गाडीत बसताच त्याने डब्यातले तीन लाडू संपवले. वाटेत एका गावातल्या चर्चपाशी त्याने भावोजींना थांबायला सांगितलं. युद्धात पडलेल्यांना शक्य तिथे त्यांच्या गावी आणून पुरलं होतं, म्हणून जवळजवळ प्रत्येक चर्चच्या आवारात हे दगड दिसतात. एकसारखे, रांगेत, नाव आणि दोन तारखा. १९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत युनियनशी १०५ दिवस लढाई चालली आणि सुमारे २५ हजार माणसं गेली, हे मी वाचून आले होते. दगडांपुढे तो आकडा आठवत नाही, वजाबाकी होत राहते. तेवीस. एकतीस. वीस.

पोर टोपी काढून एका दगडापाशी थांबला. १९२०, १९४०. मी हिशेब केला. आमचा पोर एकोणीस वर्षांचा आहे. त्याने खाली वाकून दगडावरची ओली पानं बाजूला केली, बस्स.

परत आलो तेव्हा लक्षात आलं, ताई गाडीतून उतरलीच नव्हती. काच खाली करून तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "चला लवकर, घरी जाऊन कुकर लावायचाय."