काकूंनी तिल्ली गालावरून फिरवली

माझी नवीकोरी तिल्ली, म्हणजे पैठणी विणताना रंगीत धागा गुंडाळायची छोटी काडी, काकूंनी हातात घेतली, गालावरून हळूच फिरवली आणि परत दिली. "ही नको. रेशीम ओढंल."

मी बोटाने चाचपून पाहिलं होतं, काहीच लागलं नव्हतं. त्यांच्यासारखी गालावरून फिरवली, तेव्हा टोकाला बारीकसं कुसळ टोचलं.

येवल्यातल्या काकूंच्या मागावर पदराचा मोर अर्धा विणून झाला होता. रंगागणिक वेगळी तिल्ली. रंग बदलतो तिथे दोन धागे एकमेकांत अडकतात आणि आपापल्या वाटेने मागे फिरतात. म्हणून तर पैठणी उलटीकडूनही सुलटीसारखीच दिसते. पण त्यासाठी तिल्ली त्या दाट उभ्या धाग्यांतून दिवसभर ये-जा करते. एक कुसळही महागात पडायचं.

मी लाकूड पाहिलं, पॉलिश पाहिलं, फोटो पाहून अख्खा संच मागवला.

काकूंची तिल्ली सासूबाईंच्या हातची. काळपट, मधोमध झिजलेली. मी ती गालाला लावून पाहिली. अगदी गुळगुळीत, जणू रेशमाचीच.

तेव्हापासून प्रत्येक हत्यार आधी गालाला लावते आहे. तुमच्याकडे अशी हत्यारं कशी पारखतात?