वायबीसीओची पेलेट: माझ्या प्रोजेक्टचा अनुभव

एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या सत्रात मला प्रोजेक्ट मिळाला यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचा. लॅबमध्ये त्याला सगळे वायबीसीओच म्हणतात. विषय तसा जुनाच. 1986 मध्ये बेडनोर्त्झ आणि म्युलर या शास्त्रज्ञांना लॅन्थॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये 30 केल्विनच्या वर अतिवाहकतेची, म्हणजे विजेला होणारा रोध पार नाहीसा होण्याची, चिन्हं दिसली. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, आणि त्याच 1987 मध्ये पॉल चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायबीसीओमध्ये ती 90 केल्विनच्या पुढे नेऊन दाखवली. द्रव नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो, म्हणजे एवढी थंडी त्याच्यानेच मिळते. द्रव हेलियम ज्यांच्या खिशाबाहेरचं आहे, अशा आमच्यासारख्या विभागांना अतिवाहकता डोळ्यांनी बघायला मिळते ती यामुळेच.

मॅडमनी कृती सांगितली तेव्हा वाटलं, एवढंच? तीन पावडरी मोजायच्या, घोटायच्या, भट्टीत घालायच्या. 0.01 मोलसाठी यिट्रियम ऑक्साइड 1.129 ग्रॅम, बेरियम कार्बोनेट 3.947 ग्रॅम, कॉपर ऑक्साइड 2.386 ग्रॅम. यिट्रियम ऑक्साइड हवेतला ओलावा धरतं, म्हणून ते आधी भट्टीत तापवून मगच तोलायचं, नाहीतर वजनात पाणीही मोजलं जातं. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, पोटातल्या आम्लात ते विरघळतं. एक्स-रेआधी पेशंटला जे 'बेरियम' पाजतात ते सल्फेट असतं, ते विरघळत नाही म्हणून चालतं. हे कळल्यापासून मी मास्क आणि हातमोज्यांशिवाय त्या बाटलीला हात लावला नाही.

घोटण्याचं काम मात्र खरंच कंटाळवाणं. अगेटच्या (कठीण दगडाच्या) खलात, आजी बाळगुटी उगाळायची त्या सबुरीने, दोन पांढऱ्या आणि एक काळी पावडर एकजीव राखाडी होईपर्यंत फिरवत राहायचं. घन पदार्थांची अभिक्रिया कणांच्या सीमेवर होते. तिथे कण नीट भिडलेच नाहीत, तर भट्टी कितीही तापवा, मधले कण कोरेच राहतात. म्हणून 900 अंश सेल्सिअसच्या वर भाजायचं, काढायचं, पुन्हा घोटायचं, पुन्हा भाजायचं. पहिल्या भाजणीनंतर पावडर काळी झाली होती, पण मधेमधे हिरवट झाक होती. सिनियरनी एका नजरेत सांगितलं, "टू-वन-वन राहिलंय." हिरवी ती अवस्था वेगळीच, तिच्यात अतिवाहकता नसते. मला आवडलं ते हे की एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणाऱ्या यंत्राच्या) रांगेत उभं राहायच्या आधीच रंगावरून एवढं कळतं.

मग पावडर डायमध्ये, म्हणजे साच्यात, भरून हायड्रॉलिक प्रेसखाली दाबली आणि पेलेट, म्हणजे घट्ट चपट्या वड्या, केल्या. त्या अल्युमिनाच्या होडीसारख्या भांड्यात ठेवून ऑक्सिजनच्या प्रवाहात 940 अंशांना भाजल्या. इथपर्यंत माझी समजूत अशी की पदार्थ तयार झाला, आता फक्त गार व्हायचा. मॅडमनी मुद्दाम एक पेलेट 900 अंशांवरून थेट बाहेर काढून झटकन गार करायला लावली. बाकीच्या पेलेट ऑक्सिजनमध्येच सावकाश खाली आणल्या, 450 अंशांना रात्रभर थांबवल्या. दोन्ही दिसायला काळ्याच. वजनं तीच, पावडर तीच.

मोजमापासाठी चार तारा लागतात. बाहेरच्या दोन तारांतून विद्युतप्रवाह सोडायचा, आतल्या दोघींवर व्होल्टेज मोजायचं, म्हणजे जोडाचा रोध हिशेबात येत नाही. सिल्व्हर पेस्टने त्या केसासारख्या तारा चिकटवण्यात माझी दुपार जायची. व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये, त्यामुळे तारांच्या टोकांच्या तापमानातला फरकसुद्धा खोटं व्होल्टेज दाखवतो. उपाय साधा: दर वाचनाला प्रवाहाची दिशा उलटवायची आणि दोन वाचनांच्या फरकाचा अर्धा घ्यायचा.

द्रव नायट्रोजनचा देवार, म्हणजे थर्मॉससारखं भांडं, लॅबमध्ये आला तेव्हा गावाकडून आलेल्या आम्हा दोघांना नवल वाटलं नाही. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या कांड्या त्यातच ठेवतात, आम्ही तो लहानपणापासून बघत आलोय. तापमान मोजायला प्लॅटिनमचा पीटी-100 सेन्सर होता, तो बर्फाच्या तापमानाला 100 ओहम दाखवतो, द्रव नायट्रोजनमध्ये साधारण 20.

सावकाश गार केलेल्या पेलेटचा रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत उतरत गेला आणि 92 केल्विनच्या जवळ कोसळला. व्होल्टेज इतकं कमी झालं की मापकाच्या स्वतःच्या चढउतारात (नॉइजमध्ये) बुडून गेलं. झटकन गार केलेली पेलेट उलट वागली, थंड होईल तसा तिचा रोध वाढतच गेला.

कारण ऑक्सिजन. उच्च तापमानाला या पदार्थातून ऑक्सिजन निघून जातो आणि स्फटिकातली अणूंची जाळी चतुष्कोणी होते, म्हणजे तिच्या दोन बाजू सारख्या होतात. तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्या रिकाम्या राहतात. सावकाश उतरताना तो परत आत शिरतो, साखळ्या भरतात, जाळी विटेसारखी तिन्ही बाजूंनी वेगळ्या लांबीची, पण काटकोनीच होते: 3.82, 3.89 आणि 11.68 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). सूत्रातला ऑक्सिजन (एक यिट्रियम, दोन बेरियम आणि तीन तांब्यांमागे) 7 च्या जवळ असेल तर 92 केल्विन मिळतो, 6.35 च्या खाली गेला की अतिवाहकता संपलीच. एक्सआरडीमध्ये 33 अंशांच्या आसपासच्या शिखरांवरून दोन जाळ्यांतला फरक दिसला. तिकडे केमिस्ट्रीच्या मैत्रिणीने पोटॅशियम आयोडाइड आणि थायोसल्फेटचं टायट्रेशन करून ऑक्सिजनचा आकडाही काढून दिला.

मग ती 'नापास' पेलेट मी पुन्हा ऑक्सिजनमध्ये 450 अंशांना ठेवली. ना नवीन पावडर, ना घोटणं. गार झाल्यावर मोजली तर तीही 90 केल्विनच्या आसपास कोसळली. अहवालात मी त्या एकाच पेलेटचे आधीचे आणि नंतरचे आलेख शेजारीशेजारी छापले, तोंडी परीक्षेत सगळे प्रश्न त्याच पानावर आले.

कुणाला हाच प्रोजेक्ट मिळाला असेल, तर रसायनांच्या आधी ऑक्सिजनच्या सिलिंडरची मागणी नोंदवा. आणि पेलेट सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा, कारण पावसाळ्यातली दमट हवा वायबीसीओचा पृष्ठभाग हळूहळू खराब करते.