ऱ्हाईनकाठचे फ्रेंच जिल्हे

जर्मनीतल्या कोब्लेंझला आलेला प्रवासी ऱ्हाईन आणि मोझेलच्या संगमावर फोटो काढतो आणि पुढे सरकतो. मला तिथून जवळच, सेंट कॅस्टर चर्चसमोरचं दगडी कारंजं पाहायचं होतं. प्रीफेक्ट, म्हणजे फ्रेंचांचा जिल्हाधिकारी, ज्यूल दोआझाँ याने ते १८१२ मध्ये नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीच्या गौरवासाठी बांधलं. तसा फ्रेंच लेख वर कोरलेला आहे. त्याच्याखाली दुसरी ओळ: 'पाहिले व मंजूर केले. कोब्लेंझचा रशियन कमांडंट, १ जानेवारी १८१४.' स्वारी फसली, रशियन कोब्लेंझमध्ये आले, पण त्यांनी दगड फोडला नाही. त्यावर कचेरीचा शेरा मारला! मी कितीतरी वेळ तिथून हललेच नाही.

१७९४ मध्ये फ्रेंच फौजा इथे आल्या, तेव्हा या पट्ट्यात आर्चबिशप, सरदार, मठ आणि स्वतंत्र शहरं यांची असंख्य संस्थानं होती. फ्रेंच सरकारचा आयुक्त, अल्सेसचा रुडलर, याने ती मोडून १७९८ मध्ये चार जिल्हे आखले: रूर, सार, ऱ्हाईन-मोझेल आणि माँ-तोनेर. नावं नद्यांची आणि डोंगराची, राजघराण्याचं एकही नाही. मला हे फार आवडलं. ऱ्हाईन-मोझेलचं ठाणं कोब्लेंझ; त्यात कोब्लेंझ, बॉन, सिमर्न हे तीन उपविभाग, त्यांच्या पोटात तालुक्याएवढे कँटन. किरकोळ तंट्यांसाठी कँटनमध्येच न्यायाधीश बसे. जन्म, लग्न, मृत्यूची नोंद चर्चऐवजी सरकारी वहीत होऊ लागली. धर्मदशांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, आणि सरदारांचे हक्क गेले. अर्थात कर आणि सक्तीची सैन्यभरतीही याच कचेऱ्यांमधून आली. घरचा तरणा मुलगा गमावलेल्यांना या व्यवस्थेचं कौतुक कुठून असणार?

पुढे रेल्वेने नदीकाठाने माइंत्सला गेले. माँ-तोनेरचा प्रीफेक्ट जाँबों सेंत-आंद्रे इथल्या मुख्य दफनभूमीत आहे. ही दफनभूमी त्याच्याच काळात, १८०३ मध्ये सुरू झाली. डिसेंबर १८१३ मध्ये, हरून परतलेल्या सैनिकांमध्ये पसरलेल्या टायफसने तोही गेला. पदावर असतानाच.

काही आठवड्यांत फ्रेंच राज्यही गेलं. या पट्ट्याचा बराचसा भाग प्रशिया या जर्मन राज्याकडे आला. त्याने नंतर आपला कायदा लादायचा घाट घातला, तेव्हा ऱ्हाईनकाठचे लोक अडून बसले. ज्यांनी परक्यांचा अंमल सोसला, त्यांनीच त्या परक्यांचा, फ्रेंचांचा, दिवाणी कायदा १८९९ अखेरपर्यंत टिकवला.