आमची वाटचाल : अथणीचा पट्टा

आमचे वडील बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत कोल्हापुरी चपला करीत असत. चपलेच्या तळासाठी आणलेल्या म्हशीच्या चामड्यातला पाठीकडचा सलग तुकडा ते तळाला न लावता बाजूला ठेवीत आणि त्यातून वस्तऱ्याचे पट्टे, म्हणजे न्हावी ज्यावर वस्तरा फिरवून त्याची कड सरळ करतात ते चामड्याचे पट्टे, कापीत. तळासाठीचे चांगले चामडे न्हाव्यांच्या पट्ट्यात घालवतात म्हणून घरात आईची रोजची कुरकुर असे. पोटाकडचे चामडे मात्र त्यांनी पट्ट्याला कधीच वापरले नाही, कारण ते ताणले की वाढते, आणि वाढलेल्या पट्ट्याला झोळ पडून वस्तऱ्याची धार गोल होते. हा नियम आम्ही आजवर मोडलेला नाही.

चामडे आम्ही बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलेच घेतो. कातडे पखालीसारखे शिवून, आत साल, हिरडा व पाणी भरून टांगायचे, काही दिवसांनी उलटे करून पुन्हा भरायचे, अशी ही जुनी पद्धत आहे. क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कातडे दिवसा-दोन दिवसांत तयार होते, तर या कामाला महिना सहज लागतो. पण असे चामडे घट्ट राहते आणि त्यावरून वस्तरा फिरवताना जी किंचित ओढ हाताला जाणवते, ती क्रोमच्या मऊ चामड्यात आम्हाला कधी मिळाली नाही.

नव्वदीच्या दशकात एड्सची धास्ती पसरली आणि सलूनवाल्यांनी अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा हाती घेतला. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड, हे योग्यच होते, त्याला आम्ही कधी नावे ठेवली नाहीत. मात्र ब्लेडला पट्टा लागत नाही. चिकोडी, निपाणी, खानापूर, बेळगाव कॅम्प इथली आमची ठरलेली दुकाने एकामागून एक सुटली आणि एका दिवाळीला माळ्यावर पट्ट्यांचे गठ्ठे तसेच पडून होते. पावसाळ्यात त्यांना बुरशी आली. वडिलांनी ती कोरड्या फडक्याने पुसली, पट्टे सावलीत टांगले आणि आम्हाला एवढेच म्हणाले, "उन्हात घालू नको, कडक होतील." विकले जाण्याची आशा नसलेल्या मालाची अशी निगा राखणारा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही. पुढची काही वर्षे आम्ही चपलांवर काढली. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

त्या काळात एकच गिऱ्हाईक टिकले, ते म्हणजे निपाणीचे एक न्हावी, ज्यांना आम्ही मामा म्हणतो. दुकानात तेही ब्लेडच वापरू लागले होते, परंतु स्वतःची दाढी मात्र त्यांनी वडिलोपार्जित वस्तऱ्यानेच केली. नवा पट्टा झाला की आम्ही त्यांच्याकडे घेऊन जात असू. मामा तो खिडकीच्या गजाला अडकवीत, डाव्या हाताने ताणून धरीत आणि डोळे मिटून वस्तरा फिरवीत. आवाज एकसारखा आला तर मान हलवीत. मध्येच कुठे आवाज बदलला, तर बोट नेमके त्याच जागी ठेवून म्हणत, "इथे चामडे पातळ झाले आहे." तपासून पाहिले की ते तसेच निघे.

पुढे पुण्या-बेंगळुरूचे हौशी लोक घरी वस्तऱ्याने दाढी करू लागले आणि आमचे पट्टे पुन्हा जाऊ लागले. नेमक्या त्याच वेळी बाहेरच्या एका व्यापाऱ्याने क्रोमचे दोन पातळ थर डिंकाने चिकटवून, त्यावर 'अथणी' असा ठसा मारून पट्टे बाजारात आणले. किंमत आमच्या निम्मी होती. पहिल्याच पावसाळ्यात ते थर सुटले आणि शिव्या आम्ही खाल्ल्या. एका गृहस्थांनी तो पट्टा आमचाच समजून परत पाठवला, आणि आम्ही तो आमचा नसल्याचे कळवल्यावरही पैसे मागितले. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हे आले, याचा आम्हाला आनंद आहे. मात्र ते मानांकन चपलेचे आहे, पट्ट्यावर कोणीही अथणीचा ठसा मारावा, ही सल गेलेली नाही.

विषय निघालाच आहे तर, कोणी विचारले नसले तरी, सांगून ठेवतो. पट्टा धार लावत नाही, धारेची वाकलेली कड सरळ करतो. बोथट वस्तरा पट्ट्यावर तासभर घासणाऱ्याने आधी धारेचा दगड घ्यावा. वस्तरा पाठ पुढे ठेवून ओढावा, धार नेहमी मागे राहावी, आणि टोकाशी आल्यावर पाठीवरच पालटावा. धारेवर पालटला की पट्टा कापलाच म्हणून समजा. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी चामड्याला टेकलेली असावीत, दाब वस्तऱ्याच्या वजनाइतकाच पुरे. रोज दाढीआधी पट्ट्याच्या मागे जोडलेल्या सुती नवारीवर वीसेक फेरे आणि मग चामड्यावर चाळीस-पन्नास. धार घासणारी हिरवी पेस्ट लावायची हौस असेल तर त्यासाठी वेगळा पट्टा ठेवावा, रोजच्या पट्ट्याला ती लावू नये. तेल तर मुळीच चोपडू नये, स्वच्छ तळहात चोळला तरी चामडे मऊ राहते. आणि नवशिक्याने महाग पट्टा घेऊ नये, हे आम्ही स्वतः विक्रेते असूनही सांगतो, कारण पहिल्या महिन्यात त्यावर खाचा पडणारच.

मामांचा हात आता थरथरतो. यंदा त्यांनी जुना पट्टा आमच्याकडे पाठवला, तेव्हा त्याचे चामडे मधोमध काळे, गुळगुळीत झाले होते आणि एका कडेला दोन जुन्या खाचा होत्या, त्या त्यांच्या नातवाच्या. चामडे नवे घाला, रुंदी तीन इंचच ठेवा, पण मागची नवार तीच राहू द्या, ती आता कुठे हाताला आली आहे, असा त्यांचा निरोप होता. आम्ही तीच नवार नव्या चामड्याला शिवली आणि पट्टा निपाणीला पाठवून दिला.