रत्नागिरीत स्टिरिओवाल्यांचा मेळा: समुद्राकडे पाठ, सड्याकडे कॅमेरा

यंदाच्या थंडीत रत्नागिरीत स्टिरिओ फोटो (डाव्या-उजव्या डोळ्यासाठी एकेक अशी फोटोंची जोडी, एकत्र पाहिली की चित्र खोल दिसतं) काढणाऱ्यांचा छोटेखानी मेळा भरला होता. संस्था, अध्यक्ष, दीपप्रज्वलन असलं काही नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूरकडचे हौशी लोक ओळखीपाळखीने जमले, वर्गणी काढून एक हॉल घेतला, झालं. हॉलच्या वॉचमनकाकांनी ‘स्टिरिओ’ ऐकल्याबरोबर बजावलं, “रात्री धाला डॉल्बी बंद पायजे हां!” रात्री तेच काका पोलराइज्ड चष्मा लावून पहिल्या रांगेत बसले होते.

पहिला अर्धा दिवस टेबलाभोवती गेला आणि तो मला सगळ्यात आवडला. एकाने अशा जोड्या बघायचा, अमेरिकन लेखक होम्स यांच्या धर्तीचा लाकडी व्ह्यूअर आणला होता. ही रचना १८६१ची, पण आजही चोख चालते. इंग्रज शास्त्रज्ञ व्हीटस्टनने १८३८मध्ये आरसे लावून दाखवलं, की दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिली की मेंदू त्यातून खोलपणाचा भास उभा करतो. पुढची सगळी यंत्रं त्यावरच उभी आहेत. शेजारी व्ह्यू-मास्टर होता, १९३९ला बाजारात आलेला, एका चकतीत चित्रांच्या सात जोड्या. पन्नाशीच्या पुढचे सगळे खटका दाबायला रांगेत. आपल्याकडे जुनी स्टिरिओ कार्डं असतील तर जरूर न्या, पण प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून. किनाऱ्यावरची हवा दमट, आणि माणसं मासळी खाऊन आलेली असतात.

पडद्यावरच्या कार्यक्रमासाठी एक सल्ला: मधल्या खुर्च्या धरा. पोलराइज्ड प्रोजेक्शनला (दोन्ही चित्रं एकाच पडद्यावर पडतात, चष्मा ज्याचं त्या डोळ्याला देतो) चंदेरी पडदाच लागतो, कारण साध्या भिंतीवर ध्रुवीकरण टिकत नाही. पण तो पडदा कडेला बसणाऱ्याला अंधुक दिसतो. शिवाय साधे लिनिअर चष्मे असतील तर मान सरळ ठेवा. शेजाऱ्याच्या कानात बोलायला मान कलती केली की चित्राला भूत चिकटतं, म्हणजे दुसऱ्या डोळ्याचं चित्रही पुसट दिसू लागतं.

आता बाहेरचं. नवखे लोक कोकणात आले की थेट भाट्याच्या किनाऱ्यावर धावतात. मी म्हणेन, एका कॅमेऱ्याने स्टिरिओ काढणार असाल तर समुद्राचा नाद सोडा. आपली नेहमीची पद्धत म्हणजे डाव्या पायावर भार देऊन एक फोटो, मग उजव्या पायावर झुकून दुसरा. तेवढ्यात लाट पुढे गेलेली, माडाची झावळी हललेली. डोळ्यांना दोन वेगळ्या लाटा मिळतात आणि त्या कधीच एक होत नाहीत, नुसती चुळबुळ दिसते. मिरकरवाडा बंदरात दोर, जाळी, एकामागे एक नौका असा थरांचा खजिना आहे, पण नौका डोलतात. तिथे दोन कॅमेरे एकदम उडवणारी जोडीच हवी. आमच्यातल्या एकाने कॅननचे जुने खिशातले कॅमेरे एसडीएम (दोन कॅमेरे एकदम उडवणारं सॉफ्टवेअर) घालून जोडले होते, त्याचे बंदरातले फोटो खरोखर बघत राहावे असे होते. (जाळी विणणाऱ्यांना विचारूनच कॅमेरा काढा. विचारलंत तर बहुतेक जण जागा करून देतात.)

एक कॅमेरा असणाऱ्याने सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर जावं. जांभा हलत नाही. आणि या सड्यांवर जी कातळशिल्पं आहेत, ती जणू स्टिरिओसाठीच कोरलेली. कोकणातली ही शिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्यातला उक्षीचा हत्ती आम्ही निवडला, कारण तो रत्नागिरीहून जवळ आहे आणि भोवती चिऱ्याचा कठडा असल्याने कुणाचा पाय पडत नाही. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा, अंगात इतर प्राण्यांची गर्दी. तो उंच काठी किंवा ड्रोन असेल तरच नीट मिळतो. ड्रोनची परवानगी आधी काढा.

इथे नेहमीचा हिशेब थोडा बाजूला ठेवावा लागतो. दोन फोटोंमधलं अंतर म्हणजे जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग, असं आपण शिकतो. तीन मीटरवरून म्हणजे दहा सेंटिमीटर. पण तो नियम मागे क्षितिज असेल तेव्हाचा. कातळावर खाली बघताना सगळी खोली कोरीव रेघेपुरती, म्हणजे काही सेंटिमीटरच. मागे दूरचं काहीच नाही. म्हणून अंतर बिनधास्त दुप्पट-तिप्पट करा, रेघ छान खोल दिसते. वेळ सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. दुपारी बाराला वरून आग, आणि सपाट उजेडात शिल्प सापडणंही मुश्कील.

संध्याकाळी हे फोटो पडद्यावर आले तेव्हा गंमत झाली. एका जोडीत डावं-उजवं उलटं लागलं होतं. हत्तीची रेघ कातळात खोदलेली न दिसता कातळावर दोरी चिकटवल्यासारखी उठून आली. निम्मे लोक म्हणाले, “बरोबर आहे की!” कारण तिरप्या उन्हात खड्डा की उंचवटा हे साध्या फोटोतही फसतं, प्रकाश कुठल्या बाजूने आला हे माहीत नसेल तर मेंदू ठोकताळा लावतो. वाद मिटवला सावलीने: सूर्याकडच्या कडेची सावली रेघेच्या आत पडली होती, म्हणजे तो खड्डाच. म्हणून प्रत्येक ठिकाणी पहिली जोडी घेताना कठड्यावर एखादं टोपण ठेवून त्याचीही एक जोडी, म्हणजे डावा-उजवा दोन्ही फोटो, काढून घ्या. टोपण खड्ड्यासारखं दिसलं की जोडी उलटी आहे हे लगेच कळतं. स्टिरिओफोटोमेकर या सॉफ्टवेअरमध्ये बाजू बदलायला क्षणभर लागतो, आणि ते फुकट आहे.

आणखी एक विनंती. रेघा स्पष्ट दिसाव्यात म्हणून काही जण त्यात खडू किंवा चुना भरतात. तो अजिबात भरू नका, कुणी भरत असेल तर थांबवा. दगडाचं नुकसान होतंच, शिवाय स्टिरिओला त्याची गरजच नाही. पांढऱ्या रेघेने उलट खोली मारली जाते.

प्रवासाचं म्हणाल तर मुंबईहून मांडवी एक्सप्रेस बरी. दिवसाची गाडी आणि डब्यातलं खाणं चांगलं. उक्षीनंतर कोकण रेल्वेचा सगळ्यात लांब, साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. बायनॉक्युलर न्यायचं विसरलात तर चालेल, पण सिलिका जेलच्या पुड्या विसरू नका, लेन्सला बुरशी धरायला इथली हवा पुरते. सड्यावर सावली नाही, पाणी नाही. टोपी, पाण्याच्या बाटल्या, टणक तळव्याचे बूट, आणि सुटे पैसे, कारण रेंज जाते तेव्हा यूपीआयही जातं. जेवायला गावातल्या घरगुती खाणावळीत जा, मात्र ताट सकाळीच सांगून ठेवा. न सांगता गेलात तर कुळथाची पिठी आणि भात मिळेल, तोही काही वाईट नाही. रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे, रात्रीची गाडी असेल तर रिक्षा दुपारीच ठरवा.