डिसेंबरात घरी का येत नाही?

"तिकडे नाताळाची एवढी सुट्टी असते, मग डिसेंबरात घरी का येत नाहीस?" हा प्रश्न रत्नागिरीचे माझे नातेवाईक दरवर्षी विचारतात आणि अलीकडे पुण्या-मुंबईचे परिचितही विचारू लागले आहेत. कोकणातला माणूस आपली रजा गणपतीसाठी राखून ठेवतो आणि नाताळाच्या दिवसांतले विमानाचे भाडे खिशाला परवडत नाही, हे माझे ठरलेले उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खरे सांगायचे तर डिसेंबरात मला इथे काम असते आणि ते काम स्वयंपाकघरातले असते.

मी राहतो ते स्ट्रासबर्ग शहर फ्रान्सच्या पूर्व टोकाला, अल्सास प्रांतात, जर्मनीच्या सीमेला लागून आहे. डिसेंबरात सकाळी सव्वाआठच्या सुमारास उजाडते आणि दुपारचे साडेचार वाजून गेले की सूर्य मावळतो; तोही ढगांतून दिसला तर. अशा अंधारात नोव्हेंबरच्या अखेरीस सगळे जुने शहर दिव्यांनी उजळते, क्लेबेर चौकात सुमारे 30 मीटर उंचीचे सूचिपर्णी झाड उभे राहते आणि कॅथेड्रलच्या भोवतीने लाकडी दुकानांच्या रांगा लागतात. हा नाताळबाजार 1570 सालापासूनचा आहे. त्याआधी इथे संत निकोलसच्या नावाने बाजार भरत असे. पण प्रोटेस्टंट झालेल्या शहराला संतांचे स्तोम नकोसे झाले, म्हणून तो बंद करून बाल येशूच्या नावाचा बाजार सुरू करण्यात आला. अल्सेशियन बोलीत त्याला आजही 'क्रिस्टकिंडल्समेरिक' म्हणतात. त्या वेळी हे शहर फ्रान्सचे नव्हतेच. ते फ्रान्सच्या ताब्यात आले 1681 मध्ये. त्यामुळे ज्याला आपण फ्रेंच नाताळ म्हणून पाहायला येतो, त्याचा हा भाग मुळात फ्रेंच नाही, हे पाहुण्यांना सांगताना मला थोडी गंमत वाटते. संत निकोलसही पुरता हद्दपार झाला नाही. 6 डिसेंबरला त्याच्या नावाने प्रत्येक बेकरीत मनुकांचे डोळे लावलेली गोडसर पावाची माणसे, म्हणजे 'मानेले', मिळतात आणि ती गरम चॉकलेटमध्ये बुडवून खातात.

बाजाराविषयी मात्र माझे मत फारसे उदार नाही. इथे राहणारा माणूस बाजारात एकदा, फार तर दोनदा जातो, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी. शनिवारी त्या गल्ल्यांतून चालणे म्हणजे अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता ओलांडण्यासारखे आहे. दालचिनी, चक्रीफूल आणि संत्र्याची साल घालून गरम केलेली वाइन तिथे मिळते. अल्सासमध्ये ती पांढऱ्या द्राक्षांचीही करतात आणि मला तीच अधिक आवडते. पेल्यासाठी अनामत रक्कम ठेवावी लागते, पण बहुतेक पाहुणे तो पेला परत न करता आठवण म्हणून घरी नेतात. माझ्या कपाटात पाहुण्यांनी विसरलेले असे सात पेले आहेत. ही सगळी शोभा खरीच आहे. पण तिच्यासाठी कोणी गावी जायचे टाळणार नाही.

पहिल्या वर्षी मलाही हा बाजार म्हणजेच नाताळ असे वाटले होते. 24 डिसेंबरला संध्याकाळी बाहेरच काहीतरी खाऊ म्हणून निघालो, तर दुकाने आवरलेली, हॉटेले बंद, रस्ते ओस आणि प्रत्येक खिडकीत मात्र दिवा. आपल्याकडे सण म्हटला की माणूस घराबाहेर पडतो, हे मी धरून चाललो होतो. इथे त्या रात्री जो तो घरात शिरतो आणि मध्यरात्रीपर्यंत जेवत बसतो. मी घरी परतून पोहे केले. ते खात असताना खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी दार वाजवले आणि पत्र्याचा एक गोल डबा माझ्या हातात ठेवून, मी नीट आभार मानायच्या आत, जिना उतरून गेल्या.

त्या डब्यात 'ब्रेडेले' होते. अल्सासमधल्या घराघरांत नोव्हेंबर संपता संपता लहान बिस्किटे करायला घेतात. एकाच प्रकारची नव्हे, चार-सहा प्रकारची. नुसत्या लोण्याची निराळी, बदाम-दालचिनीची निराळी, अनिसच्या दाण्यांची निराळी. ती पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवतात आणि महिनाभर शेजारी, नातेवाईक, पोस्टमन यांना वाटतात. प्रत्येक घराला आपली कृती खरी वाटते आणि दुसऱ्याचा डबा उघडल्यावर लोक हसतमुखाने, पण बारकाईने पारख करतात. हे वाचताना मराठी माणसाला जे आठवेल, तेच मला त्या रात्री आठवले. फराळाचे ताट शेजारी पोचवताना आईने रुमाल कसा झाकायचा हे सांगितलेले आठवले, आणि आलेले भांडे रिकामे परत करायचे नसते हेही आठवले. म्हणून नववर्षाच्या आधी मी शंकरपाळे तळले, त्याच डब्यात भरले आणि खाली नेऊन दिले. आजीबाईंनी एक तोंडात टाकला, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "तुमच्या देशातले ब्रेडेले का?" मी हो म्हणालो. त्याहून नेमके उत्तर मला आजही सुचलेले नाही.

पुढच्या वर्षापासून त्यांनी मला हाताशी घेतले. 'स्प्रिट्सब्रेडेले' नावाचा प्रकार साच्यातून दाबून पाडतात. त्यांचा जुना साचा मोडला होता, तेव्हा मी आईने दिलेला पितळी सोऱ्या खाली नेला आणि चकलीची चांदणीची चकती लावून लोण्याचे पीठ पाडले. ते चकलीच्या भाजणीपेक्षा मऊ असते, त्यामुळे कडबोळ्यासारखे वळसे घालता येत नाहीत. बोटभर लांबीच्या दांड्या तेवढ्या नीट पडतात. अनिसच्या ब्रेडेल्यांनी मात्र मला तीन वर्षे दाद दिली नाही. त्यांत लोणी नसते. अंडी आणि साखर बराच वेळ फेटून त्यात मैदा आणि बडीशेपेची बहीण शोभावी अशा वासाचे ते दाणे घालतात, रुपयाएवढे गोळे तव्यावर पाडतात आणि रात्रभर उघड्यावर सुकू देतात. वरची साय पुरेशी सुकली असेल तरच भट्टीत गोळा खालून फुगून उचलला जातो, त्याला झालरीसारखा 'पाय' फुटतो आणि माथा पांढरा, गुळगुळीत राहतो. दमट हवेत, किंवा उत्साहाने लवकर भाजले तर, नुसत्या चपट्या चकत्या हाती येतात. म्हणून डिसेंबरातल्या एका रात्री माझ्या घरी पाहुण्याला स्वयंपाकघरात जायची परवानगी नसते.

सणाच्या जेवणाबद्दलही लोक कुतूहलाने विचारतात. हंसाच्या किंवा बदकाच्या यकृताचे 'फ्वा ग्रा' हे स्ट्रासबर्गचे अभिमानाचे पक्वान्न. पक्ष्याला बळजबरीने चारून ते यकृत वाढवतात, त्यामुळे मी ते खात नाही, आणि माझ्यावाचून कोणाचे अडतही नाही. ओंडक्याच्या आकाराचा 'ब्यूश' नावाचा केक दिसतो देखणा, पण इतक्या जेवणानंतर तो जड होतो. पंगतीत माझा खरा मान आहे तो कालवांमुळे, म्हणजे शिंपल्यांतल्या ऑयस्टरमुळे. कालवे नाताळाच्या ताटात हवीतच, आणि ती येतात देशाच्या दुसऱ्या टोकाच्या समुद्रकिनाऱ्यावरून, कांकाल किंवा मारेन-ओलेरों इथून. त्यांना आकारानुसार क्रमांक असतात, आणि क्रमांक जितका मोठा तितके कालव लहान. ती कच्ची आणि जिवंत खातात. वर लिंबू, सोबत राय नावाच्या धान्याचा पाव आणि खारट लोणी. आईला हे फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अरे, निदान हळद तरी लाव." डाव्या हातावर जाड फडके गुंडाळून, बिजागरीत सुरीचे टोक घुसवून कालव उघडण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते, कारण खाडीकाठच्या माणसाला ते उपजतच येत असणार असा सगळ्यांचा समज आहे. आमच्याकडे ती खडकावरच फोडतात आणि मीही ही सुरी इथेच धरायला शिकलो, हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही.

अल्सास आणि मोझेल या भागांत 26 डिसेंबरलाही सार्वजनिक सुट्टी असते, जी उरलेल्या फ्रान्सला नाही. त्या दिवशी उरलेले डबे पोचवायचे असतात. तेव्हा घरी मी गणपतीलाच येईन. तुम्हीच डिसेंबरात इकडे या. शनिवार तेवढा टाळा, आणि येताना सोऱ्याची चांदणीची एक चकती आणा. माझी आजीबाईंकडे राहिली आहे आणि ती परत मागण्याचा माझा विचार नाही.